कर्नाडांचं एकच नाटक करायचंय, सोलापुरात कुठलं धरावं?

विजापूर_रोड

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, वेळ नसेल तर शेवटचा पॅरा तेवढा वाचा. आमचा सोलापुरात एक हौशी ग्रुप आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण अजून काहीच ठरलेलं नाही आणि आमच्यातलेच काही जण इथे गुपचूप वाचत असतात (वाचताय ना, मग वाचा). बँकेतले लोक आहेत, एक शाळेतल्या बाई आहेत, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला एक दोस्त आहे, कॉलेजची पोरंपोरी परीक्षा नसल्या की येतात. एकांकिका झाल्या, एक दोन अंकी विनोदी झालं, आता सगळ्यांनी मनावर घेतलंय की एकदा तरी गिरीश कर्नाड करायचेच. पण कर्नाडांचं कुठलं, यावरून ग्रुपवर रोज रात्री मारामाऱ्या चालल्यात.

अर्धे लोक हयवदन म्हणतात, गाणी आहेत, मुखवटे आहेत, बघायला मजा येते म्हणून. तुघलकवाले वेगळे, कारण आमच्यात एक जण आहे ज्याला वाटतं की तो तुघलक करायलाच जन्माला आलाय. मी एकटा तलेदंड धरून बसलोय. उमा कुलकर्णींनी केलेला मराठी अनुवाद वाचला आणि मला सारखं वाटत राहिलं की अरे ही बसवण्णा (बसवेश्वर) आणि बिज्जळ राजाची गोष्ट तर आपल्या बाजूची आहे, हैदराबाद रोडने नळदुर्ग, उमरगा ओलांडलं की पुढे बसवकल्याण, म्हणजे तेव्हाचं कल्याण, तिथलं हे सगळं, आणि आपण ते कानडी लोकांचं म्हणून कानडी लोकांवर सोडून दिलंय. पण ग्रुपचं म्हणणं की नाटक जड आहे, पात्रं फार, वर धार्मिक विषय, कुणाच्या तरी भावना दुखावतील, कशाला नसता ताप.

तर ज्यांनी कर्नाड केलेत, नुसते बघितलेत किंवा वाचलेत, त्यांनी सांगा. हौशी ग्रुप, पैसा कमी, हुतात्मा स्मृती मंदिरात एक प्रयोग आणि जमलं तर राज्य नाट्य स्पर्धा, बायका आमच्याकडे कमी पण दमदार. कुठलं धरू?

सात_रस्ता_चौक

काय बे, एवढा विचार काय करलालाव, हयवदन घ्या आणि मोकळे व्हा. खानोलकरांचं मराठी आहे त्याला, म्हणजे भाषेचं टेन्शनच नाही, तोंडात बसते. देवदत्त, कपिल आणि पद्मिनी, एकाचं डोकं हुशार दुसऱ्याचं अंग दणकट, कालीच्या देवळात दोघं आपापली मुंडकी उडवतात आणि ही बाई गडबडीत डोकी उलटीपालटी लावून ठेवते, आता नवरा कोण, डोकंवाला का अंगवाला. एवढी गोष्ट सांगितली तरी माणूस तिकीट काढतो. मी कॉलेजात असताना आम्ही ते बसवलेलं, मी भागवताच्या, म्हणजे गाणाऱ्या सूत्रधाराच्या, मागं टाळ घेऊन उभा होतो, एक वाक्य नव्हतं मला पण अजून गाणी पाठ आहेत.

मूळ कथासरित्सागरातली गोष्ट, ती थॉमस मान नावाच्या जर्मन लेखकानं घेतली आणि कर्नाडांनी तिथून उचलली असं आमचे सर सांगायचे. १९७१ चं नाटक आहे आणि अजून जुनं वाटत नाही. अर्धा पडदा, दोन बाहुल्या, मुखवटे, झालं नेपथ्य. तलेदंड वगैरे नका करू, लोक झोपतील.

विजापूर_रोड

@सात_रस्ता_चौक झोपण्याचं म्हणशील तर नागमंडलमध्ये नाटककारालाच शिक्षा आहे ना, तुझ्या नाटकांनी इतकी माणसं झोपवलीस म्हणून आता तू एक रात्र जागा राहिला नाहीस तर मरशील. आमच्या ग्रुपला लागू होणारी शिक्षा आहे ती 😄

पण हयवदनबद्दल माझी अडचण खरंच वेगळी आहे. गाणारं कोण नाही आमच्यात. भागवत जर गाण्यात कच्चा असला तर सगळं नाटक गॅदरिंगसारखं दिसतं. बघितलंय मी तसं.

अक्कलकोटची_मास्तरीण

मी कानडी शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे, घरात कानडी, बाजारात मराठी, माहेरी दोन्हीची खिचडी. कर्नाड दोन्ही भाषांत वाचलेत म्हणून बोलते, नाहीतर नाटकातलं मला काय कळतंय.

विजापूर रोडवाल्या दादा, तुम्ही बसवकल्याण म्हणालात ते बरोबर, पण तेवढ्या लांब कशाला जाता? बिज्जळाची मूळची राजधानी मंगळवेढा. आपल्या जिल्ह्यातलं मंगळवेढा, मालदांडी ज्वारीचं, दामाजीपंतांचं, चोखोबांचं. कलचुरी, म्हणजे त्याचं घराणं, तिथले, चालुक्यांचे मांडलिक होते, मग बिज्जळानं सत्ता बळकावली आणि कल्याणला गेला. बसवण्णासुद्धा आधी मंगळवेढ्यातच त्याच्या पदरी हिशेबनीस म्हणून लागले आणि मग कल्याणात भांडारी झाले असं मानतात. म्हणजे ज्या राजाचा खून त्या नाटकात होतो आणि ज्या माणसामुळे ते सगळं पेटतं, दोघांची सुरुवात आपल्या पंढरपूर भागातल्या मातीत. हे आपल्याकडच्या पोरांना सांगा, त्यांना खरं वाटत नाही.

आणि आपले सिद्धरामेश्वर त्याच काळातले. सोलापूरचं जुनं नाव सोन्नलगी. शून्यसंपादने नावाच्या जुन्या कानडी ग्रंथात गोष्ट आहे की संत अल्लमप्रभू इथं आले तेव्हा सिद्धरामांचं तळं खोदायचं, देवळं बांधायचं काम जोरात चाललेलं, तर अल्लमप्रभूंनी त्यांना सरळ दगडफोड्या म्हणून हाक मारली, तो वड्ड सिद्धराम कुठंय म्हणून. मजूर चिडले. मग वाद झाला, आणि शेवटी सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला गेले. गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामांच्या जत्रेला, आपण लाखो लोक जातो, नंदीध्वज बघतो, अक्षता टाकतो, पण ज्या कल्याणात हे गेले तिथं पुढं काय झालं ते आपल्याला कुणी सांगत नाही. कर्नाडांचं नाटक सिद्धरामेश्वरांवर नाही, बसवण्णा आणि बिज्जळावर आहे, पण सोलापूरचा प्रेक्षक ते बघताना मनात सिद्धरामांना घेऊनच बसणार. हे पुण्याच्या प्रेक्षकाला जमायचं नाही.

आता नाटकाविषयी. त्यात वाईट माणूस कोण ते शोधू नका. ज्या लग्नावरून रक्त सांडलं त्या लग्नाला सुरुवातीला बसवण्णासुद्धा घाबरतात. हरळय्या चांभार, त्याचा मुलगा शीलवंत, मधुवरस ब्राह्मण, त्याची मुलगी कलावती, दोन्ही घरं शरण, म्हणजे बसवण्णांच्या पंथातली, झालेली, त्यांच्या लेखी जात संपलेली. तरी मुलीची आई ललितांबा आहे ना, तिचा प्रसंग वाचा. तिला मुलगी द्यायची नाही असं नाही, पण चामड्याला पाय लागला तरी ओरडणारी आपली पोर उद्यापासून त्याच चामड्यात बसणार, हे तिला गिळवत नाही. तत्त्वज्ञान नाही त्यात, आईचं पोट आहे. असं लिहिणारा माणूस भावना दुखावायला लिहीत नसतो.

बॅकस्टेज_अण्णा

लाईट आणि सेट करतो, बरीच वर्षं. चर्चा चांगली चाललीय पण खर्चाचं कोण बोलंना म्हणून मधी घुसतो.

तुघलक हौशी ग्रुपनं घेतलं की पहिला बळी ड्रेपरीचा. भाड्याचे अंगरखे, झुलणारे हार, खोट्या दाढ्या, सुलतान बँडवाल्यासारखा दिसतो. करायचंच असेल तर साध्या कपड्यात करा, सगळे काळ्या कुडत्यात, सुलतानाला फक्त एक शाल. आता त्या नाटकाची एक सोय सांगतो जी लोक विसरतात. कर्नाडांनी ते जुन्या पारशी कंपन्यांच्या पद्धतीवर बांधलंय, म्हणजे एक प्रसंग खोल स्टेजवर दरबाराचा, पुढचा प्रसंग पुढच्या पडद्यासमोर, रस्त्यावरचा, अझीझ आणि आझमचा, तोवर मागं सेट बदलायचा. कंपनी नाटकात पुढं विनोदी लोक यायचे आणि मागं सुतार हातोडा मारायचे तसं. पण गंमत अशी केलीय की इथं तो पुढचा फालतू वाटणारा धोबी, अझीझ, हळूहळू मागच्या दरबारात शिरतो, आधी खोटा ब्राह्मण बनून सुलतानाविरुद्धच खटला जिंकतो, मग खोटी नाणी पाडतो, शेवटी खलिफाच्या घराण्यातला म्हणून थेट सुलतानासमोर, आणि सुलतान त्याला ओळखूनही सोडतो. पुढचं स्टेज आणि मागचं स्टेज एक होऊन जातं. हे जर दिग्दर्शकाला कळलं तर दोन लेव्हल आणि एक पडदा एवढ्यात तुघलक होतं. नाही कळलं तर मग दौलताबादच्या किल्ल्याचा कटआऊट उभा करतात, थर्माकोलचा, आणि तो हलतो.

तेंडुलकरांचा अनुवाद आहे मराठीत. अरुण सरनाईक तुघलक झाले होते अरविंद देशपांडेंच्या प्रयोगात, १९७१ च्या सुमारास, आविष्कार या नाट्यसंस्थेचं. ते बघितलेली माणसं अजून सांगतात. तुमच्या त्या जन्मजात तुघलकाला म्हणावं आधी गुलाबाच्या बागेतला शेवटचा भाग पाठ करून दाखव, खोट्या नाण्यांचे ढीग पडलेले असतात आणि माणूस थकून झोपत जातो तो. ओरडायला सगळ्यांना येतं, झोपायला येत नाही.

परवानगीचं आधी बघा. कर्नाड २०१९ मध्ये गेले, कॉपीराइट लेखक गेल्यावर साठ वर्षं असतो, तेव्हा त्यांच्या घरच्यांची परवानगी लागणार, आणि अनुवादकाची वेगळी. दोन पत्रं. वर परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र. तालीम सुरू करून मग पत्रासाठी धावणारे ग्रुप बघितलेत मी, ऐन वेळी नाटक बदलून दुसरंच काहीतरी करतात.

सात_रस्ता_चौक

अण्णा थर्माकोलचा किल्ला हलतो 😂😂 मी बघितलाय तो किल्ला, कुठं ते सांगत नाही

गाळा_नंबर_नको_विचारू

बायकांच्या बाजूनं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. "बायका कमी पण दमदार" हे वाक्य मला जाम आवडलं कारण सगळ्या ग्रुपांत हेच असतं, दमदार म्हणायचं आणि मग त्यांना पाण्याचा तांब्या आणून ठेवायचं काम द्यायचं. तुघलकमध्ये बाई म्हटली तर एक सावत्र आई, तिचं काम जबरदस्त आहे मान्य, पण एकच. मग बाकीच्यांनी काय करायचं, चवऱ्या ढाळायच्या?

नागमंडल घ्या. १९८८ चं. ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या लोककथांवर आहे, आणि लोककथा म्हणजे बायकांनी बायकांना स्वयंपाकघरात सांगितलेल्या, ते नाटकातच आहे, देवळात रात्री गावातल्या दिव्यांच्या ज्योती गप्पा मारायला जमतात. त्या ज्योती म्हणजे तुमच्या कॉलेजच्या सगळ्या मुली, एकीलाही कोपऱ्यात बसवायला लागत नाही. स्वतः गोष्ट पण बाईच्या रूपात येते. राणी आहे, कुरुडव्वा आहे, आंधळी म्हातारी, लेकाच्या पाठीवर बसून फिरणारी, हे काम वयानं मोठ्या बाईला द्या आणि मग बघा. अप्पण्णा आणि नाग एकाच नटानं करायचे, दिवसा दाराला कुलूप लावून जाणारा नवरा, रात्री तोच चेहरा घेऊन येणारा नाग. एकाच माणसाला दोन्ही जमणं हे सोपं नाही, बहुतेक जण नाग करताना आवाज मऊ करतात आणि झालं म्हणतात. अप्पण्णा राक्षस नाहीये, तो फक्त बायकोकडे बघतच नाही. हे जास्त भयंकर आहे आणि हे आपल्या हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या बायकांना लगेच कळेल.

आणि ते नागाचं दिव्य! बिळात हात घालून नाग धरायचा आणि शपथ घ्यायची, नवरा आणि हा नाग सोडून कुणाला स्पर्श केला नाही. शंभर टक्के खरं बोलते आणि गाव तिला देवी करतं. काय लिहिलंय बाबा.

अजून एक पर्याय, पैसे अजिबात नसतील तर. ओडकलु बिंब, एकाच बाईचं नाटक. मंजुळा नायक, कानडीत लिहिणारी लेखिका, अचानक इंग्रजी कादंबरी लिहून प्रसिद्ध झालेली, टीव्हीच्या स्टुडिओत भाषण करायला येते आणि भाषण झाल्यावर पडद्यावरची तिचीच प्रतिमा तिला प्रश्न विचारायला लागते. हळूहळू अपंग बहिणीची गोष्ट बाहेर येते, ती कादंबरी नक्की कुणाची ते. एक नटी, एक स्क्रीन, एक खुर्ची. पण स्क्रीनवरची आधी शूट करून ठेवायची आणि स्टेजवरचीनं तिच्याशी सेकंदाला सेकंद जुळवून बोलायचं, म्हणजे समोरचा नट कधीच तुमच्यासाठी थांबणार नाही. आणि लॅपटॉप हँग झाला की नाटक संपलं.

बॅकस्टेज_अण्णा

ताई बरोबर बोलल्या. फक्त ते लॅपटॉपवालं माझ्या जिवावर उठणारं आहे, मी नको.

किल्ला_बाग

मला तलेदंडवरच बोलायचंय पण आधी थोडं वाकडं जातो. कर्नाडांचं शेवटचं नाटक कुणीच काढलं नाही. राक्षस तंगडी, २०१८ ला आलं कानडीत, इंग्रजीत त्यांनीच केलं, क्रॉसिंग टू तालिकोट नावानं. १५६५ ची लढाई, विजयनगरचा रामराया एका बाजूला आणि विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, बीदरचे सुलतान दुसऱ्या बाजूला. तालिकोट आपल्यापासून किती लांब, विजापूरच्या पुढं थोडं. आणि शाळेत आपल्याला हिंदू विरुद्ध मुसलमान एवढंच शिकवलं, पण कर्नाडांनी दाखवलंय की रामराया त्या सुलतानांना आपसात खेळवत होता, विजापूरच्या आदिलशहाला मुलगा मानलेला, आणि रामरायाच्या डोक्यात एकच खूळ, आपण कल्याणच्या चालुक्यांचे वारस, कल्याणचा किल्ला आपला पाहिजे. परत कल्याण! तलेदंडमधलं कल्याण, चारशे वर्षांनी परत तेच गाव माणसं मारतंय.

ज्याच्या शेजारी आपण संध्याकाळी फिरतो तो सोलापूरचा किल्ला याच भानगडीत होता. आदिलशाही आणि निजामशाही सोलापूरसाठी पिढ्यानपिढ्या भांडत होत्या, आणि तालिकोटच्या आधी ही सगळी सुलतान मंडळी एकत्र आली तेव्हा हुसेन निजामशहानं आपली मुलगी अली आदिलशहाला दिली आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला. ती मुलगी म्हणजे चांदबिबी. इतिहासातलं सांगतोय हे. सोलापूर म्हणजे हुंडा, लक्षात ठेवा पुढच्या वेळी किल्ल्याच्या बागेत भेळ खाताना.

राक्षस तंगडी हौशी ग्रुपला झेपणार नाही, फौजाच फौजा, ते सोडा. पण मुद्दा असा की तरुणपणी तुघलक, मग तलेदंड, मग टिपूवर, शेवटी रामराया, म्हणजे आयुष्यभर हा माणूस एकाच प्रकारच्या माणसाकडे परत परत गेला. हुशार, बाकीच्यांच्या पुढचं बघणारा, आणि त्याच हुशारीनं सगळं घालवणारा. बसवण्णा त्यात वेगळे आहेत कारण त्यांच्या हातात सत्ता नाही, माणसं आहेत, आणि माणसं ऐकेनाशी होतात तेव्हा काय करायचं ते त्यांना कळत नाही. सुरुवातीचा तिजोरीचा प्रसंग बघा. तिजोरीत पैसे कमी नाहीत हे कळल्यावर लोक चमत्कार झाला म्हणून नाचायला लागतात आणि बसवण्णा वैतागतात, कारण त्यांच्या साध्या प्रामाणिकपणाची कुणाला किंमत नाही, चमत्कार पाहिजे. आपल्याकडं काय वेगळं आहे सांगा.

ते लिहिलं १९८९-९० च्या आसपास, देशात मंदिर आणि मंडल दोन्ही पेटलेलं. साहित्य अकादमी मिळालं त्याला १९९४ ला. दिल्लीत एनएसडीनं, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं, हिंदीत रक्त कल्याण नावानं केलं, अल्काझींनी बसवलं. म्हणजे दिल्लीवाल्यांना ते आपलं वाटलं आणि मंगळवेढ्यापासून तासाभरावर राहणाऱ्या आपल्याला जड वाटतंय, हे काय बरोबर नाही.

विजापूर_रोड

बापरे, एवढे रिप्लाय. मंगळवेढ्याचं मला खरंच माहीत नव्हतं मास्तरीणबाई, मी आपला उमरग्याच्या रस्त्यावर कल्याण शोधत होतो.

पण भावनांचा मुद्दा राहिलाच. आपल्या शहरात बसवण्णांना देव मानणारी हजारो घरं आहेत. त्यात बसवण्णा गोंधळलेले, घाबरलेले दाखवायचे, शेवटी ते कल्याण सोडून कूडलसंगमला निघून जातात, मागं त्यांच्याच शरणांतला जगदेव राजाचा खून करतो. हे बघून कुणी उठून उभं राहिलं तर?

बाळीवेस_कट्टा

आमच्या देव्हाऱ्यात बसवण्णांचा फोटो आहे, गळ्यात लिंग आहे, तेव्हा मी बोललेलं चालेल बहुतेक.

कुणी उठून उभं राहणार नाही. राहिलं तर ते तुम्ही वाईट नाटक केलं म्हणून राहील. बसवण्णांना कॅलेंडरवरच्या चित्रासारखं उभं केलंत, हात वर, मागं उजेड, बासरी, आणि मग मधेच त्यांच्या तोंडी शंका घातलीत तर ते खोटं वाटणार आणि मग लोक चिडणार. पहिल्यापासून माणूस दाखवा, हिशेब करणारा, बायकोशी बोलणारा, पोरांना समजावून थकलेला. आम्ही लहानपणापासून बसवण्णांची वचनं ऐकतो, श्रीमंत देवळं बांधतील मी गरीब काय करू, माझे पायच खांब, देह हेच देऊळ. हे लिहिणारा माणूस सिंहासनावर बसून बोलत नव्हता. आमच्या आजोबांना वचनं पाठ होती आणि बसवण्णा त्यांना शेजारच्या आळीतल्या माणसासारखे वाटायचे, आम्हीच त्यांना चौकात उंच नेऊन ठेवलंय.

जगदेवचं पात्र मात्र सांभाळून. पहिल्याच प्रसंगात येतो, ब्राह्मणाचा पोरगा, बाप आत मरायला टेकलाय आणि हा बाहेर मित्राला, चांभारकामातल्याच घरचा तो, घरात चल म्हणून ओढतोय, त्या मित्राची इच्छा नसताना. त्या मित्राला आत यायचंच नाहीये! जगदेवला आपण किती मोठे ते दाखवायचंय. मला हा पोरगा आजूबाजूला रोज दिसतो, मोबाईलवर तर जास्तच. याच पोराच्या हातात शेवटी सुरा आहे. नट निवडताना रागीट दिसणारा घेऊ नका, गोड दिसणारा घ्या.

आणि बिज्जळ हे नाटकातलं सगळ्यात भाव खाणारं काम आहे राव. राजा आहे पण नाभिकाच्या कुळातला म्हणून लोक पाठीमागं बोलतात, क्षत्रिय म्हणून घ्यायला ब्राह्मणांना पैसे मोजलेत घराण्यानं, आणि तरी तो म्हणतो की जात कातडीसारखी आहे, सोलून काढली तरी खाली परत तीच उगवते. विनोदी आहे, शिवराळ आहे, बसवण्णांवर जीव आहे त्याचा. तुमचा तो जन्मजात तुघलक आहे ना, त्याला बिज्जळ द्या. त्याचं समाधान होईल आणि तुमचं नाटक पण.

गाळा_नंबर_नको_विचारू

@बाळीवेस_कट्टा मान्य. तलेदंडमध्ये बायकांची कामं बघितली परत, राणी रंभावती, बसवण्णांची बायको गंगांबिका, ललितांबा, जगदेवची आई, बायको, हरळय्याची बायको कल्याणी. वाक्यं कमी आहेत पण प्रत्येकीला एक तरी असा क्षण आहे की त्यानंतर पुरुषांचं बोलणं पोकळ वाटतं. नागमंडलवरचा माझा हट्ट अर्धा मागं घेते. अर्धाच.

फक्त काटछाट करताना बायकांचे प्रसंग कापू नका, कारण वेळ वाढला की दिग्दर्शकाचा हात पहिला तिकडंच जातो.

सात_रस्ता_चौक

म्हणजे हयवदन कुणीच करणार नाही? वाईट आहात बे तुम्ही सगळे. निदान उणे पुरे शहर एक तरी, ते पण कर्नाडांचंच, बंगळूरवरचं, पुण्याच्या ग्रुपनं मराठीत केलेलं पुण्याचं करून. आपण सोलापूरचं करू, एमआयडीसी, विमानतळ, चार दिवसाआड पाणी, आयटी पार्क येणार येणार...

किल्ला_बाग

@सात_रस्ता_चौक आयटी पार्कचं नाटक आपण रोज बघतोय, तिकीट कशाला काढायचं.

अक्कलकोटची_मास्तरीण

एक सुचवते, ऐकायचं तर ऐका. एकदम प्रयोगाला उतरू नका. आधी अभिवाचन करा, एखाद्या वाचनालयात किंवा कुणाच्या तरी गच्चीवर, सगळं नाटक, न कापता. वचनं जिथं येतात तिथं ती कानडीतच म्हणा, अर्थ सांगत बसू नका, सोलापुरात निम्म्या लोकांना कळतात आणि उरलेल्यांना चालीवरून कळतात. म्हणणारं माणूस तुमच्याकडं नसेल तर मी येते, गळा आता पूर्वीसारखा नाही पण वचनाला गळा लागतच नाही फार. पूर्व भागातली तेलुगू मंडळी पण बोलवा, त्यांच्याकडं सोमनाथ कवीचं बसवपुराण मूळ तेलुगूत आहे, तेराव्या शतकातलं, कानडीत ते नंतर आलं. त्यांना वाटतं हे आपलं नाही, आणि आपल्याला वाटतं ते त्यांचं नाही.

शेवट मात्र नीट वाचून घ्या. बिज्जळाचा मुलगा सोविदेव, त्याचा राज्याभिषेक चाललाय, मंत्र चाललेत आणि मधेमधे फर्मान, शरणांना हाकला, परक्यांना हाकला, बायकांनी आणि खालच्यांनी आपापल्या पायरीनं राहावं. मंत्र आणि फर्मान एकाच सुरात गेले पाहिजेत. बहुतेक लोक फर्मान खलनायकासारखं ओरडतात. ओरडायचं नाही, तलाठी सातबारा वाचतो तसं वाचायचं.

बॅकस्टेज_अण्णा

अभिवाचनाला लाईट लागत नाही म्हणजे मला सुट्टी, तरी येतो. परवानगीचं पत्र मात्र अभिवाचनाला पण तिकीट लावणार असाल तर बघून घ्या, फुकट असलं तरी विचारून ठेवलेलं बरं.

विजापूर_रोड

ठरलं मग, निदान अभिवाचन तरी. ग्रुपवर हा सगळा धागा टाकलाय, आत्तापर्यंत दोन अंगठे आणि एक "बघू" आलाय. जन्मजात तुघलकाला बिज्जळाचं सांगितलं, त्यानं पहिला प्रश्न विचारला की मरतो का तो? म्हटलं हो, शेवटाकडं, शिवलिंगासमोर. लगेच तयार झाला.

मास्तरीणबाई, तुम्हाला आणायला अक्कलकोटला गाडी पाठवतो, तारीख तुम्हीच सांगा, फक्त गड्ड्याचे दिवस सोडून, तेव्हा आमच्यातले तिघं नंदीध्वजामागं असतात. आणि बाळीवेस कट्टा, तुमचा नंबर मेसेजमध्ये द्या, बसवण्णा कोण वाचणार ते अजून ठरलेलं नाही.

बाळीवेस_कट्टा

नंबर देतो. बसवण्णा नको पण, घरी आईला कळलं तर रोज पाया पडेल. तो पुरोहित दामोदर भट्ट द्या.